शिकागोचा हिवाळी मेळा

जानेवारीचा मध्य आला, म्हणजे अमेरिकेतील शिकागो नगरात थंडीचा कडाका असतो. मिशिगन सरोवरावरून येणारा बोचरा वारा कानशिले बधिर करून सोडतो. नदीच्या पाण्यावर बर्फाचे पापुद्रे तरंगत असतात. कामावाचून घराबाहेर पाऊल टाकावे, असे कोणासही वाटत नाही. अशा दिवसांतील एका शुक्रवारी मात्र शिकागो नदीच्या उत्तर तीरावरील एका भव्य हॉटेलाकडे माणसांची रीघ लागते. कोणी जवळच्याच वस्तीतून येतात, तर कोणी शेजारच्या राज्यांतून कित्येक तास मोटार हाकीत येतात. आजोबा नातवांचे बोट धरून येतात. आया कडेवर मुले घेऊन येतात. जाडजूड लोकरी कोट दारातच उतरतात, आणि आत पाहावे तो जिकडे तिकडे निळा रंग! निळ्या टोप्या, निळे सदरे, निळे गळपट्टे. पाठीवर कोणा खेळाडूचे नाव आणि त्याचा क्रमांक. तान्ह्या मुलाच्या अंगावरील अंगडेसुद्धा निळेच.

हा मेळा असतो शिकागोच्या ‘कब्स’ नावाच्या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचा. ‘कब’ म्हणजे अस्वलाचे पिल्लू. ज्या नगरात १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषद गाजविली, त्याच नगरात हा संघ त्याही आधीपासून, १८७६ सालापासून, खेळत आला आहे. परंतु या मेळ्यात सामना मुळीच नसतो. संघाचे मैदान तेथून काही मैलांवर बर्फाखाली झोपलेले असते. पुढचा सामना पाहावयास अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो. मग हे हजारो लोक तीन दिवस गोळा होतात ते कशासाठी? हे समजून घेण्यास त्या खेळाची आणि त्या संघाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा असा खेळ आहे. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. फळी मात्र चपटी नसून मुसळासारखी गोल असते, आणि चेंडू टप्पा न पडता सरळ फलंदाजाकडे येतो. मैदानावर एका चौकोनाचे चार कोपरे आखलेले असतात. एका कोपऱ्यापासून दुसऱ्याचे अंतर ९० फूट. चेंडू टोलविल्यावर फलंदाजाने धावत सुटावयाचे आणि क्रमाक्रमाने तिन्ही कोपरे गाठून पुन्हा मूळ जागी यावयाचे. अशी फेरी पुरी झाली, की एक धाव मोजली जाते. कोणी चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला, तर तो ‘होम रन’ होय. मग धावण्याची घाई नाही, कोणी बाद करण्याची भीती नाही. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी येते. अशा नऊ नऊ पाळ्या दोन्ही संघांस मिळतात. नऊ पाळ्यांनंतरही धावा सारख्याच राहिल्या, तर दहावी खेळतात, अकरावी खेळतात. परंतु निकाल लावल्यावाचून सहसा घरी जात नाहीत.

या खेळाचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वसंतऋतूपासून शरदऋतूपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सामना ही सणासुदीची गोष्ट नव्हे. ती जवळजवळ रोजची गोष्ट होय. सकाळच्या न्याहारीला कालच्या सामन्याची चर्चा आणि सायंकाळच्या कामाला रेडिओवरील आजच्या सामन्याची साथ, असे सहा महिने चालते. खेळाडूंची नावे घरातील माणसांच्या नावांइतकी ओळखीची होतात. शेवटी दोन गटांतील विजेते संघ ‘वर्ल्ड सिरीज’साठी झुंजतात. नावात जग आले असले, तरी तीस संघांपैकी एकोणतीस अमेरिकेचे आणि एक कॅनडाचा. तेव्हा हे जग तसे आटोपशीरच आहे. सातपैकी चार सामने जो प्रथम जिंकील, तो विजेता.

कब्स संघाने ही मालिका १९०७ साली जिंकली आणि १९०८ साली पुन्हा जिंकली. त्यानंतर तो जिंकावयाचे जणू विसरून गेला. १९०८ म्हणजे ज्या वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस मंडालेस पाठविण्यात आले, ते वर्ष. पुढे दोन महायुद्धे झाली, भारत स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला. कब्सचा विजय काही येईना. १९४५ साली संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला. त्या वेळी एक खानावळवाला आपला बोकड घेऊन, त्याचेही तिकीट काढून, सामना पाहावयास आला होता. बोकडास बाहेर काढण्यात आले, तेव्हा रागावून त्याने संघास शाप दिला, अशी आख्यायिका आहे. शापाने सामने हरत नाहीत. दुबळ्या फलंदाजीने आणि ढिसाळ क्षेत्ररक्षणाने हरतात. परंतु हरणाऱ्याच्या घरी अशा गोष्टी चांगल्या रुजतात. शिकागोतील प्रत्येक मुलास ही बोकडाची गोष्ट ठाऊक आहे.

एवढे पराभव होऊनही लोक या संघास सोडून गेले नाहीत. याचे एक कारण त्याचे मैदान हे असावे. ‘रिग्ली फील्ड’ हे १९१४ साली बांधलेले मैदान भर वस्तीत आहे. त्याच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली वेल लावण्यात आली. उन्हाळ्यात ती भिंत हिरवीगार होते, आणि कधी कधी चेंडू पानांत अडकून बसतो. धावांचा फलक आजही माणसे हाताने बदलतात. १९८८ सालापर्यंत तेथे रात्रीच्या खेळासाठी दिवेच नव्हते. सारे सामने दिवसा होत, आणि शाळा सुटताच मुले धावत जाऊन उरलेला खेळ पाहत. संघ जिंकला, तर फलकावर पांढरे निशाण चढते आणि हरला तर निळे. आगगाडीतून घरी परतणाऱ्या लोकांस दुरूनच निकाल कळतो.

१९८४ साली तब्बल एकोणचाळीस वर्षांनी संघ अंतिम फेऱ्यांच्या उंबरठ्यावर आला. पाचांपैकी पहिले दोन सामने त्याने जिंकले, आता एकच हवा होता. आणि उरलेले तिन्ही त्याने गमावले. तरीही त्या वर्षापासून प्रेक्षकांची दाटी वाढली. हिवाळ्यात या लोकांची आणि खेळाडूंची गाठ घालून द्यावी, या कल्पनेतून १९८६ साली पहिला मेळा भरला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये अशा मेळ्याचा पायंडा याच संघाने पाडला, असे मानतात. पुढे इतर संघांनीही तो उचलला. साथीच्या रोगाने २०२१ आणि २०२२ साली खंड पडला, तो २०२३ साली भरून निघाला. मेळ्याच्या उत्पन्नातील काही भाग संघाच्या धर्मादाय कार्यास जातो.

मेळ्यातील गर्दी ही प्रत्यक्ष अनुभवण्याचीच गोष्ट आहे. सरकत्या जिन्यांवर माणसामागे माणूस. दालनाच्या दाराशी रांग. त्या रांगेच्या शेपटाला दुसऱ्याच दालनाची रांग चिकटलेली, आणि आपण नेमके कोणत्या रांगेत उभे आहोत, हे मधल्या माणसांस ठाऊक नसते! एका दालनात विक्रीची दुकाने मांडलेली असतात. खेळाडूंच्या छबी छापलेली लहान लहान पत्रे, सामन्यांत वापरलेले चेंडू, चीर गेलेली फळी, जुन्या हंगामांची पिवळी पडलेली माहितीपत्रके, असा माल तेथे असतो. दुसऱ्या दालनात संघाचे व्यवस्थापक व्यासपीठावर बसलेले असतात आणि प्रेक्षक त्यांस उभे राहून जाब विचारीत असतात. अमुक खेळाडू का सोडला? तिकिटे एवढी महाग का? प्रश्न तिखट असतात. धनिक मालकासही तेथे हसतमुखाने उत्तर द्यावे लागते. सभा संपताच तोच रागावलेला मनुष्य त्याच मालकाबरोबर छायाचित्र काढून घेतो.

मुलांसाठी एक सभा राखून ठेवण्याची प्रथा आहे. तीत प्रश्न फक्त मुलांनी विचारावयाचे. वडील माणसांनी मागे गप्प बसावयाचे. मोठ्यांच्या सभेत धावांच्या सरासऱ्या निघतात. मुले निराळेच विचारतात: भीती वाटते का, लहानपणी अभ्यास करीत होता का, घरी कुत्रा आहे का. सहा फूट उंचीचा, पल्लेदार टोला मारणारा खेळाडू अशा प्रश्नाने क्षणभर गांगरतो, मग मनापासून हसतो.

स्वाक्षऱ्यांसाठी सर्वांत अधिक झुंबड उडते. सर्वांस पुरतील इतके हात कोणाही खेळाडूस नसतात. म्हणून कोणास कोणाची सही मिळावी, हे पुष्कळदा सोडतीने ठरते. काही प्रौढ माणसे चेंडूंनी पिशव्या भरून येतात आणि सह्या गोळा करून पुढे विकतात. त्यांच्या कोपरांमधून एखादे लहान मूल एकच मळकट चेंडू पुढे करीत उभे असते. असे दृश्य पाहिले, म्हणजे सोडत ठेवणाऱ्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

तथापि या मेळ्याची खरी शोभा तरुण खेळाडूंपेक्षा जुन्या खेळाडूंमुळे आली. एर्नी बँक्स हे त्यांतील अग्रगण्य. टेक्सास राज्यातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात, बारा भावंडांत ते वाढले. १९४७ सालापूर्वी मोठ्या संघांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंस बंद होती. १९५३ साली बँक्स कब्सतर्फे मैदानात उतरले. त्या संघातील ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या गटातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. त्यांनी ५१२ होम रन मारले आणि २,५२८ सामने खेळले. पण अंतिम फेऱ्यांतील एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही! दुसरा कोणी कडवट झाला असता. बँक्स मात्र स्वच्छ ऊन पडले, की म्हणत, “आज दोन सामने खेळू या!” पुढे मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारला गेला आणि चौथऱ्यावर हेच शब्द कोरण्यात आले. कोरताना एक लहानसे विरामचिन्ह राहून गेले. वर्तमानपत्रांतून एवढी चर्चा झाली, की शिल्पकारास हत्यारे घेऊन परत यावे लागले. व्याकरणाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. वृद्धपणीही बँक्स मेळ्यास येत आणि भेटेल त्याच्याशी जुन्या मित्रासारखे बोलत.

रॉन सँटो यांची कथा याहून निराळी. अठराव्या वर्षी त्यांस मधुमेह असल्याचे कळले. हे उघड झाले, तर आपल्याला खेळू देणार नाहीत, या भीतीने त्यांनी ते लपवून ठेवले. रोज स्वतःच्या हाताने इन्शुलिनची सुई टोचून घ्यावयाची आणि मैदानात उतरावयाचे. रक्तातील साखर मोजण्याचे खिशातील यंत्र तेव्हा नव्हते. हात थरथरू लागले, दृष्टी अंधुक झाली, की गोड पदार्थाचा तुकडा तोंडात टाकावयाचा, एवढाच उपाय. अशा स्थितीत ते वर्षानुवर्षे सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले. १९७१ साली त्यांनी आपला रोग जगास सांगितला, आणि पुढे त्यावरील संशोधनासाठी मोठा निधी जमविण्यास हातभार लावला. त्या रोगाने त्यांचे दोन्ही पाय घेतले. तरी ते रेडिओवरून सामन्यांचे वर्णन करीत राहिले. वर्णन म्हणजे काय, संघाची चूक झाली, की त्यांचा कळवळून काढलेला उद्गारच घरोघर ऐकू जाई. क्रीडाक्षेत्रातील थोरांच्या स्मारक-मंदिरात आपले नाव लागावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. अनेकदा मतदान झाले, अनेकदा ते मागे पडले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. बरोबर एका वर्षाने त्यांची निवड जाहीर झाली.

चाहत्यांच्या प्रेमाची ही बाजू सांगितली, म्हणजे दुसरीही सांगणे प्राप्त आहे. २००३ साली वर्ल्ड सिरीज गाठण्यास केवळ पाच गडी बाद करावयाचे उरले असता, एक उंच चेंडू प्रेक्षकांच्या कठड्याजवळ पडू लागला. अनेकांनी हात पुढे केले. एका तरुणाच्या हातास तो लागला आणि खेळाडूचा झेल हुकला. त्यानंतर त्या पाळीत प्रतिपक्षाने आठ धावा काढल्या. त्या धावा काही त्या तरुणाने दिल्या नव्हत्या. परंतु हजारो लोक त्याच्यावर ओरडू लागले, त्याच्या अंगावर वस्तू फेकू लागले. रक्षकांस त्याला लपवीत बाहेर न्यावे लागले. पुढे त्याच्या घराभोवती पोलिसांचा पहारा ठेवावा लागला. तोही कब्सचाच चाहता होता, निळी टोपी घालून आला होता. त्याने क्षमा मागितली आणि नंतर तो लोकांच्या दृष्टीआड झाला. अनेकांनी त्याला पैसे देऊ केले, तरी त्याने आपल्या कीर्तीचा बाजार कधी मांडला नाही.

अखेर २०१६ साली एक बलवान संघ उभा राहिला. वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलँडच्या संघाविरुद्ध तो एकास तीन असा मागे पडला आणि पुढील दोन सामने जिंकून बरोबरीस आला. सातवा सामना २ नोव्हेंबर रोजी क्लीव्हलँड येथे झाला. आठव्या पाळीत कब्सकडे तीन धावांची आघाडी होती. प्रतिपक्षाने ती पुसून टाकली. नऊ पाळ्या संपल्या, तेव्हा दोन्हीकडे सहा सहा धावा होत्या, आणि इतक्यात पाऊस आला! सतरा मिनिटे खेळ थांबला. त्या अवधीत जेसन हेवर्ड या खेळाडूने सर्व सोबत्यांस एका खोलीत एकत्र केले आणि त्यांस धीर दिला. त्या मालिकेत त्याची स्वतःची फळी चालली नव्हती, हे विशेष. दहाव्या पाळीत कब्सने दोन धावा काढल्या, क्लीव्हलँडला एकच काढता आली. आठ विरुद्ध सात! शेवटचा गडी बाद होताच अँथनी रिझो याने तो चेंडू आपल्या मागच्या खिशात घातला. तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली.

एक गृहस्थ तो सामना ऐकण्यासाठी शेकडो मैल मोटार हाकीत आपल्या वडिलांच्या थडग्यापाशी गेले होते. कब्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले, तर आपण दोघे मिळून ऐकू, असा त्यांचा पूर्वी करार झाला होता. वडील वारून छत्तीस वर्षे झाली होती. त्या रात्री अंधारात खुर्ची टाकून ते बसले आणि करार पुरा केला.

शिकागोत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांवर लोकांनी खडूने नावे लिहावयास आरंभ केला. ती बहुतेक नावे जिवंत माणसांची नव्हती. विजय पाहावयास न राहिलेले आजोबा, आई, मामा, शेजारी यांची ती नावे होती. भिंत हात पोचेल तेथवर भरली. मग लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहू लागले. अनोळखी माणसे एकमेकांस खडू देत होती. बँक्स यांचे निधन २०१५ च्या जानेवारीत झाले होते. विजयास दोन वर्षेही उरली नव्हती.

त्यानंतरचा पहिला मेळा जानेवारी २०१७ मध्ये भरला. संघाने जिंकलेला चषक तेथे आणला होता. तो दिसावयास काही प्रचंड नाही. दोन फूट उंचीचा, वर तीस संघांची तीस लहान निशाणे उभी केलेली. परंतु तो दिसताच दालनातील आवाज असा उसळला, की निवेदकाचे शब्द कोणास ऐकू येईनात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विजेत्या खेळाडूंस देतात तशीच एक अंगठी संघाने २००३ सालच्या त्या तरुणास सन्मानाने दिली. त्याने ती नम्रपणे स्वीकारली आणि झाले गेले विसरले जावे, एवढीच इच्छा व्यक्त केली.

मेळा रविवारी संपतो. दुकानदार आपली मांडामांड आवरतात, भिंतीवरचे फलक उतरतात. लोक पुन्हा कोट चढवितात, टोप्यांवर कानटोप्या ओढतात. सही मिळालेली मुले चेंडू हातमोज्यात जपून धरतात. न मिळालेली बापाच्या खांद्यावर झोपी गेलेली असतात. बाहेर वारा तसाच असतो. रिग्ली फील्डच्या भिंतीवरील वेलीस अजून एकही पान नसते. परंतु अवघ्या महिन्याभरात दक्षिणेकडील ॲरिझोना राज्यात, उबदार उन्हात, खेळाडूंचा सराव सुरू होणार असतो, आणि आगगाडीच्या थांब्यावर उभी असलेली माणसे त्याचे दिवस बोटांवर मोजू लागतात.